जी-टू ग्रुपमधून ६३ बिंदूंचा हेक्सॅगॉन कसा उभा करायचा: पायरीपायरीनं, अन् नेमकं कुठं चुकते

बिंदू ६३ आले म्हणून भूमिती बरोबर आली असं समजू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, काऊन की माझ्याकडं जेवढ्या वह्या अन् फायली तपासायला येतात त्यातल्या बहुतेकांत बिंदू ६३ बरोबर राहतात अन् रेषा ३१५ निघतात, नाहीतर कॉम्प्युटर सिमेट्री ग्रुपची ऑर्डर १४,५१,५२० सांगते अन् पोट्टे खूश होतात की बापरे किती मोठा ग्रुप सापडला. तो ग्रुप जी-टू नाही. तुम्ही दुसरीच भूमिती बनवून बसले, अन् ती चूक पायरी २ वरच झालेली राहते.

हे लिहिणं गावात राहून एमएस्सी करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्याकडं साधा लॅपटॉप आहे, रेंज कधी आहे कधी नाही, अन् विचारायला जवळ कोणी नाही. अर्ध्याहून जास्त काम वहीवर होते. लिनिअर अल्जेब्रा अन् ग्रुप थिअरीचा पहिला पेपर झाला असला तर पुरते.

## तयारी

एक्सेप्शनल ग्रुप (नेहमीच्या मॅट्रिक्स ग्रुपांच्या घराण्यांत न बसणारे) पाच जातीचे: जी-टू, एफ-फोर, ई-सिक्स, ई-सेव्हन, ई-एट, अन् त्यांच्या जोडीला काही ट्विस्टेड. सुरुवात जी-टूनंच करायची. त्याची रँक दोन आहे म्हणून भूमितीत फक्त बिंदू अन् रेषा राहतात, तिसरं काही नाही. त्याचा वाइल ग्रुप (इथं एका साध्या षट्‌कोनाच्या सिमेट्रींचा ग्रुप) १२ ऑर्डरचा, ई-एटचा ६९,६७,२९,६०० चा. एकदम ई-एटला हात घालणाऱ्यांना एवढा आकडा पुरे.

बनवायचं काय ते आधी साफ करून घ्या. जनरलाइज्ड हेक्सॅगॉन म्हणजे बिंदू-रेषांची अशी मांडणी की तिच्यात त्रिकोण, चौकोन, पंचकोन एकही नाही, अन् कोणत्याही दोन वस्तू घ्या (दोन बिंदू, दोन रेषा, एक बिंदू एक रेषा) त्या कोणत्यातरी साध्या षट्‌कोनात एकत्र बसतातच. आपण जो करणार त्याला स्प्लिट केली हेक्सॅगॉन म्हणतात. क्यू घटकांच्या फील्डवर त्याच्या प्रत्येक रेषेवर क्यू+१ बिंदू, प्रत्येक बिंदूतून क्यू+१ रेषा. क्यू=२ ला तीन-तीन.

सामान: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. लॅपटॉपवर पायथन अन् गॅप (ग्रुपचं गणित करणारं सॉफ्टवेअर). गॅपचं इन्स्टॉलर जड राहते, तालुक्याला गेलात अन् चांगलं वायफाय भेटलं की तेव्हाच उतरवून घ्या, एकदा बसलं की नेट लागत नाही. लाइटचा भरवसा नाही तर प्रत्येक पायरीची लिस्ट वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करत जा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

थांबा: क्यू=४ घ्यायची घाई करू नका. चार घटकांचं फील्ड म्हणजे मॉड ४ चं गणित नव्हे. मॉड ४ मध्ये २×२=० होते, ते फील्डच नाही. क्यू=२ अन् ३ ला मॉड चालते, म्हणून तेच दोन करायचे.

## पायरी १: बिंदूंची यादी

मूळ वस्तू आहे स्प्लिट ऑक्टोनियन, आठ आकड्यांचा एक घटक: दोन सुटे आकडे अन् दोन तिकड्या. त्याचा गुणाकार जपणारे जेवढे मॅप तोच जी-टू. आपल्याला ट्रेस (दोन सुट्या आकड्यांची बेरीज) शून्य अन् नॉर्म (सुट्या आकड्यांचा गुणाकार वजा दोन तिकड्यांचा डॉट प्रॉडक्ट) शून्य असलेलेच घटक पाहिजेत. क्यू=२ ला ट्रेस शून्य म्हणजे दोन्ही सुटे आकडे सारखे, म्हणून एकच लिहायचा, त्याला 'म' म्हणू. डावी तिकडी 'ड', उजवी 'उ'. नॉर्म शून्यची अट क्यू=२ ला अशी होते:

म = ड·उ (डॉट प्रॉडक्ट, मॉड २)

म्हणजे म तुम्ही निवडायचाच नाही, तो आपोआप येतो. ड चे ८ प्रकार, उ चे ८ प्रकार, ६४ जोड्या, त्यातून दोन्ही शून्य असलेली काढली की ६३. बिंदू असा लिहा: (१००|०१०). पुढं कंसाबाहेर म लिहून ठेवा, पुढच्या पायरीत तो दर वेळी लागते.

वहीत तीन गठ्ठे करा. एकच तिकडी भरलेली अन् दुसरी शून्य: ७+७=१४. दोन्ही भरलेल्या अन् म=०: २१. दोन्ही भरलेल्या अन् म=१: २८. हे गठ्ठे नुसते सोयीसाठी नाहीत, पाचव्या पायरीत हेच तीन आकडे तुमची चूक पकडून देतील.

तपासणी: १४+२१+२८=६३. गठ्ठा चुकला तर डॉट प्रॉडक्टमध्ये मॉड २ घ्यायचं राहिलं, १+१ ला २ लिहिलं.

## पायरी २: कोणते दोन बिंदू एका रेषेवर

इथंच सगळे घसरतात. दोन बिंदू एका रेषेवर तेव्हाच जेव्हा त्यांचा ऑक्टोनियन गुणाकार पूर्णच्या पूर्ण शून्य होतो. क्यू=२ ला त्या गुणाकाराच्या चार अटी:

अट १: म१म२ + ड१·उ२ = ०
अट २: म१म२ + उ१·ड२ = ०
अट ३: म१ड२ + म२ड१ + उ१×उ२ = ०
अट ४: म२उ१ + म१उ२ + ड१×ड२ = ०

पहिल्या दोन अटी साध्या आकड्यांच्या, पुढच्या दोन तिकड्यांच्या, × म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट. क्रॉस मॉड २ मध्ये काढताना चिन्हाची कटकट नाही: पहिल्या जागी (पहिल्या तिकडीचा दुसरा गुणिले दुसरीचा तिसरा)+(पहिल्या तिकडीचा तिसरा गुणिले दुसरीचा दुसरा), अन् तसंच फिरवत पुढच्या दोन जागा.

चूक अशी होते की पोट्टे फक्त ड१·उ२ + उ१·ड२ = ० एवढंच तपासतात. पुस्तकात क्वाड्रिकचा धडा आधी येते, तिथं हीच काटकोनाची अट राहते, ती हातात बसलेली राहते. त्या अटीनं प्रत्येक बिंदूला ३० बिंदू जुळतात. खरे एका रेषेवरचे त्यातले फक्त ६. भावकी तीस जणांची असली तरी सख्खे सहाच, अन् आपल्याला सख्खेच पाहिजेत. तीसच्या तीस घेतले की ३१५ रेषा होतात अन् सिमेट्रीचा ग्रुप होते सहा मितीचा सिम्प्लेक्टिक, ऑर्डर १४,५१,५२०. वर सांगितलेला आकडा इथून येते.

दोन बिंदू हातानं करून बघा, दोन्ही वेगवेगळ्या गठ्ठ्यातले.

पहिला (१००|०००), म=०. समोर कोणताही बिंदू ठेवा. अट १ म्हणते त्याच्या उजवीचा पहिला आकडा ०. अट ३ म्हणते त्याचा म=०. अट ४ म्हणते त्याची डावी तिकडी ००० किंवा १००. एवढंच. म्हणजे डावीला २ पर्याय, उजवीला ४, एकूण ८, शून्य अन् स्वतः बिंदू काढला की ६. त्या सहा जणांच्या तीन जोड्या पडतात अन् तीन रेषा भेटतात: (१००|०००) सोबत (०००|०१०) अन् (१००|०१०), (०००|००१) अन् (१००|००१), (०००|०११) अन् (१००|०११).

दुसरा (१००|१००), म=१. हा मुद्दाम घ्या काऊन की म=१ असला की चारही अटी एकमेकीत गुंततात. सोडवल्यावर समोरच्या बिंदूचं असं येते: डावीचा पहिला = उजवीचा पहिला = त्याचा म, डावीचा दुसरा = उजवीचा तिसरा, डावीचा तिसरा = उजवीचा दुसरा. परत ८ पर्याय, परत ६ शेजारी. त्यातले म=० असलेले तीन: (००१|०१०), (०१०|००१), (०११|०११).

तपासणी: ६३ पैकी प्रत्येक बिंदूला बरोबर ६ शेजारी. एकालाही ५ किंवा ८ आले तर पुढं जाऊ नका. एकूण जोड्या १,९५३ तपासायच्या, पायथनला पापणी लवायच्या आत होतात, त्यातल्या शून्य गुणाकाराच्या १८९ भेटल्या पाहिजेत.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, लय कामाची आहे. (१००|०००) अन् (०१०|०००) हे काटकोनात आहेत पण त्यांचा गुणाकार शून्य नाही, ड१×ड२ = ००१ येते, म्हणजे गुणाकार (०००|००१). अन् हा (०००|००१) दोघांचाही शेजारी आहे! हे नेहमीच होते: काटकोनात आहेत पण रेषेवर नाहीत अशा दोन बिंदूंचा गुणाकार म्हणजे त्यांच्या मधला बिंदू, अन् असा मधला एकच राहते. पुढं षट्‌कोन शोधताना मधला बिंदू ढुंढत बसायचं नाही, गुणाकार करायचा.

## पायरी ३: रेषा लिहून काढा

दोन शेजारी भेटले की तिसरा म्हणजे दोघांची बेरीज, डावी डावीत, उजवी उजवीत. तिसऱ्याचा म परत काढून बघा, पहिल्या दोघांच्या म च्या बेरजेएवढाच आला पाहिजे.

वहीवर करणाऱ्यांनी ६३ रेषा आंधळेपणानं शोधू नका, दोनच जाती आहेत.

पहिली जात: (ड|०००), (०००|उ), (ड|उ), जिथं ड·उ=०. अशा २१.

दुसरी जात: दोन बिंदू म=१ वाले अन् एक बिंदू दोन्ही तिकड्या भरलेला पण म=० वाला. जसं (१००|१००), (००१|०१०), (१०१|११०). अशा ४२. मोजणी सोपी: म=१ वाले २८ बिंदू, प्रत्येकातून तीन रेषा, प्रत्येक रेषेवर असे दोन, म्हणून २८×३÷२=४२.

तपासणी: २१+४२=६३, प्रत्येक बिंदू बरोबर तीन रेषांवर. एकाच रेषेचे तीन बिंदू वेगवेगळ्या क्रमानं तीनदा लिहिले गेले तर १८९ होतात, म्हणून लिहिताना लहानमोठा क्रम ठरवून घ्या. १८९ हा आकडा बिंदू-रेषा जोड्यांचाही आहे, त्यामुळं बरोबर वाटून फसायला होते.

## पायरी ४: थर मोजा

रेषांचा आकडा जुळला तरी हेक्सॅगॉन सिद्ध झालेला नाही. एक बिंदू घ्या, त्याच्या रेषा, त्या रेषांवरचे नवे बिंदू, त्यांच्या नव्या रेषा, असं थरानं पसरत जा. आकडे असेच आले पाहिजेत:

१, ३, ६, १२, २४, ४८, ३२

बिंदू १+६+२४+३२=६३, रेषा ३+१२+४८=६३. मग एखाद्या रेषेपासून सुरू करून तसंच करा, तेही हेच आकडे. १२ च्या जागी ११ आले तर कुठंतरी त्रिकोण बंद झाला, २४ कमी आले तर चौकोन, ४८ कमी आले तर पंचकोन. कोणत्या थरात कमी पडले यावरून चूक कोणती ते कळते, म्हणून नुसतं बरोबर-चूक छापू नका, आकडे छापा.

ज्यांनी ग्राफ थिअरी केली त्यांना सांगतो, बिंदू अन् रेषा दोन्हींना शिरोबिंदू मानून जो १२६ शिरोबिंदूंचा ग्राफ होते तो टटचा १२-केज. १८९ कडा, सगळ्यात लहान चक्र १२ लांबीचं.

सगळे ६३ बिंदू अन् ६३ रेषांपासून थर मोजून घ्या. एकाच बिंदूवरून मोजून 'सिमेट्री आहे तर बाकीचेही तसेच' असं म्हणायचं नाही, सिमेट्री अजून दाखवलेलीच नाही. हा तर्क उलटा लावणारे लय भेटतात, अन् परीक्षक तिथंच धरते.

## पायरी ५: सिमेट्री हातानं बनवा

आता खरं काम. तीन प्रकारचे मॅप पाहिजेत.

एक: ३×३ चा उलटा होणारा मॅट्रिक्स, मॉड २. असे १६८. डावी तिकडीवर मॅट्रिक्स लावायचा अन् उजवीवर त्याचा इन्व्हर्स ट्रान्सपोज. दोन्हीकडं तोच मॅट्रिक्स लावला की डॉट प्रॉडक्ट बिघडते. नमुना: डावीत 'पहिला आकडा दुसऱ्यात मिळवा' केलं तर उजवीत 'दुसरा आकडा पहिल्यात मिळवा' करायचं. उलट दिशा, विसरू नका.

दोन: डावी-उजवी अदलाबदल. आता झाले ३३६.

इथंच बरेच जण थांबतात. हे ३३६ मॅप ६३ बिंदू एकात एक मिसळत नाहीत, १४, २१ अन् २८ असे तीन गठ्ठे वेगळेच राहतात. तुमच्या ग्रुपच्या ऑर्बिट १४, २१, २८ आल्या तर समजून जा तिसरा मॅप राहिला.

तीन: हा असा शोधायचा. साधा षट्‌कोन घ्या, सहा बिंदू ओळीनं:

(१००|०००), (०००|०१०), (००१|०००), (०००|१००), (०१०|०००), (०००|००१), अन् परत पहिला.

शेजारशेजारचे एका रेषेवर आहेत ते तपासून घ्या. अन् पाहा, हेच सहा बिंदू सहा मितीच्या जागेचा बेसिस आहेत. आता दुसरा षट्‌कोन:

(१००|१००), (००१|०१०), (००१|०००), (०००|१००), (०१०|०००), (०१०|००१).

मधले तीन तेच ठेवले. सहाव्या बिंदूला (०१०|००१) वर सरकवलं, ते त्याच रेषेवरच होतं. मग दुसरा बिंदू कोणता घ्यायचा तर तिसऱ्या बिंदूसोबतच्या त्याच्या जुन्या रेषेवर जो या सहाव्याशी काटकोनात येते तो, म्हणजे (००१|०१०). अन् पहिला? या दोघांचा गुणाकार! करून बघा, डावी १००, उजवी १००, म=१. म्हणून (१००|१००).

आता पहिल्या षट्‌कोनाचा पहिला बिंदू दुसऱ्याच्या पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर, असं सहाही पाठवणारा लिनिअर मॅप लिहा. तो निघतो असा: डावीचा पहिला आकडा उजवीच्या पहिल्यात मिळवा, उजवीचा दुसरा डावीच्या तिसऱ्यात, उजवीचा तिसरा डावीच्या दुसऱ्यात. बाकी तसंच. पायरी ३ मधली रेषा (१००|१००), (००१|०१०), (१०१|११०) याच्यात टाका, (१००|०००), (०००|०१०), (१००|०१०) निघते, दुसऱ्या जातीची रेषा पहिल्या जातीत गेली. मॅप रेषा जपते का हे ६३ च्या ६३ रेषांवर तपासा, दहा-पाच पाहून सोडू नका.

हा एक मॅप ३३६ मध्ये घातला की ग्रुप थेट १२,०९६ चा होते, मधे कुठं थांबत नाही. तोच जी-टू, क्यू=२ चा.

तपासणी: या भूमितीत साधे षट्‌कोन १,००८ आहेत. प्रत्येकाला क्रमांक द्यायच्या १२ रीती, सहापैकी कुठूनही सुरू करा अन् दोन दिशा. १,००८×१२=१२,०९६. प्रत्येक क्रमवार षट्‌कोन म्हणजे एक सिमेट्री, अन् सिमेट्री म्हणजे क्रमवार षट्‌कोन, एकाला एक. म्हणून षट्‌कोन मोजायचा प्रोग्राम अन् ग्रुपची ऑर्डर काढायचा प्रोग्राम वेगवेगळे लिहा अन् आकडे ताडून पाहा. दोन्ही एकाच फंक्शनवर उभे केले तर ती तपासणी नाही.

गॅपनं ६,०४८ सांगितलं तर? तुम्ही अर्धाच ग्रुप घेतला. क्यू=२ चा जी-टू सिंपल नाही, त्याच्या पोटात अर्ध्या ऑर्डरचा सिंपल ग्रुप आहे, तीन मितीचा युनिटरी, नऊ घटकांच्या फील्डवरचा. सिंपल ग्रुपच्या यादीतून ग्रुप उचलला की हा भेटते. तोही बिंदू-रेषा जोड्या सगळ्या एकमेकीवर नेते म्हणून चूक लवकर दिसत नाही. पण एक जोडी पक्की धरून समोरच्या टोकाच्या ६४ जोड्या एकमेकीवर न्यायला ६४ मॅप तरी पाहिजेत, त्याच्याकडं त्या जागी ३२ च आहेत.

## पायरी ६: तीच भूमिती उलट्या वाटेनं, कोसेटमधून

एफ-फोर, ई-सिक्सकडं जायचं असलं तर ही वाट शिकावीच लागते, तिथं वहीवर यादी होत नाही.

क्रम असा. ग्रुप घ्या. बोरेल सबग्रुप (एका बिंदू-रेषा जोडीला जागेवर ठेवणारा) काढा. त्याला पोटात घेणारे दोन मधले सबग्रुप काढा, ते पॅराबोलिक. एकाचे कोसेट म्हणजे बिंदू, दुसऱ्याचे कोसेट म्हणजे रेषा, दोन कोसेटमध्ये एक जरी घटक सारखा असला तर बिंदू रेषेवर आहे.

क्यू=२ ला बोरेल म्हणजे ६४ ऑर्डरचा सिलो २-सबग्रुप, पॅराबोलिक दोन्ही १९२ चे. १२,०९६÷१९२=६३ अन् १२,०९६÷६४=१८९.

चुका तीन होतात. दोन पॅराबोलिक वेगवेगळ्या बोरेलवरचे उचलले जातात, मग त्यांचं छेदन ६४ पेक्षा लहान निघते अन् रेषेवर तीनपेक्षा जास्त बिंदू दिसतात. छेदनाची ऑर्डर आधी छापा. दुसरी, डावे कोसेट अन् उजवे कोसेट मिसळतात, गॅप उजवे देते तर दोन्हीकडं उजवेच ठेवा. तिसरी, क्यू=३ ला पण सिलोलाच बोरेल समजतात. तिथं सिलो ३-सबग्रुप ७२९ चा, बोरेल म्हणजे त्याचा नॉर्मलायझर, २,९१६ चा. क्यू=२ ला दोन्ही एकच निघतात म्हणून सवय लागून जाते.

थांबा: बिंदू कोणता पॅराबोलिक अन् रेषा कोणता हे आकड्यावरून कळत नाही, दोन्हीकडं ६३ अन् दोन्हीकडं थर तेच. पण क्यू=२ ला बिंदू-रेषा अदलाबदल केली की वेगळीच भूमिती होते. ही भूमिती स्वतःच्या ड्युअलसारखी तेव्हाच राहते जेव्हा क्यू हा ३ चा घात. म्हणून कोसेटमधून आलेला बिंदूंचा ग्राफ पायरी २ च्या ग्राफशी आयसोमॉर्फिझमनं जुळवा, नाही जुळला तर दोन पॅराबोलिक अदलाबदल करून परत. गॅपच्या फिनिंग पॅकेजात हा हेक्सॅगॉन तयार भेटते, ताडून पाहायला चांगला आहे, पण त्याचे कोऑर्डिनेट वेगळे, म्हणून बिंदूंची नावं जुळवत बसू नका, ग्राफ जुळवा.

## पायरी ७: क्यू=३, चिन्हं सांभाळा

क्यू=२ ला अधिक-उणे एकच, म्हणून चिन्हाची चूक तिथं कधीच सापडत नाही. क्यू=३ ला उघडी पडते. दुसरा सुटा आकडा आता −म, नॉर्मची अट म×म = −(ड·उ), पहिल्या दोन अटी तशाच, अन् तिकड्यांच्या अटी अशा:

म१ड२ − म२ड१ − उ१×उ२ = ०
म२उ१ − म१उ२ + ड१×ड२ = ०

एका क्रॉससमोर उणे, दुसऱ्यासमोर अधिक. दोन्हीकडं अधिक लिहिलं तर (१००|०००) ला शेजारी बरोबर १२ येतात, म्हणून तो बिंदू पाहून समाधान मानू नका. म=१, (१००|२००) हा बिंदू तपासा. चिन्ह चुकलं असलं तर त्याला एकही शेजारी उरत नाही.

म आता ड-उ वरून एकटा ठरत नाही. ड·उ=० असली तर म=०, ड·उ=२ असली तर म=१ अन् म=२ दोन्ही चालतात, ड·उ=१ असली तर बिंदूच नाही. असे घटक ७२८ होतात. पण एक घटक अन् त्याची दुप्पट म्हणजे एकच बिंदू, म्हणून ३६४. यादी करताना पहिला शून्य नसलेला आकडा १ असलेलेच ठेवा.

तपासणी: बिंदू ३६४, रेषा ३६४, रेषेवर ४. थर १, ४, १२, ३६, १०८, ३२४, २४३. ग्रुप ४२,४५,६९६. बिंदू अन् रेषा मिळून ७२८ शिरोबिंदूंच्या ग्राफचा सिमेट्री ग्रुप काढला तर याच्या दुप्पट ८४,९१,३९२ येते, ती चूक नाही, क्यू=३ ला बिंदू-रेषा अदलाबदल करणारी सिमेट्री खरंच आहे. क्यू=२ ला मात्र दुप्पट आली तर चूकच.

## पुढं जायचं असलं तर

जी-टूनंतर ट्रायॅलिटीवाला डी-फोर (वर सांगितलेल्या ट्विस्टेडपैकी एक) घ्या, तोही रँक दोनच. क्यू=२ ला ग्रुपची ऑर्डर २१,१३,४१,३१२, एका बाजूला ८१९ अन् दुसऱ्या बाजूला २,४५७. इथं बिंदू-रेषा सारख्या नसल्यानं कोण कोणता ते मोजूनच कळते, अन् आत आपला ६३ वाला हेक्सॅगॉन बसलेला सापडते.

एफ-फोरला क्यू=२ लाच बिंदू ६९,६१५ होतात, ई-सिक्सला १,३९,५०३. इथं सगळ्या जोड्या तपासणारा प्रोग्राम गावच्या लॅपटॉपवर लावू नका, ई-सिक्सला जोड्याच ९०० कोटींवर जातात. एक बिंदू धरा, त्याचा स्टॅबिलायझर काढा, बाकीचे बिंदू त्याच्या ऑर्बिटमध्ये पाडा अन् प्रत्येक ऑर्बिटमधून एकच नमुना तपासा. अन् ही रीत आधी ६३ वर चालवून पाहा, ऑर्बिट १, ६, २४, ३२ आल्या की मगच मोठ्या ग्रुपवर लावा.